अहवालात फक्त ‘स्पिंडल सेल’ लिहिले आहे: मग शस्त्रक्रियेची तारीख आधी की गाठीचे नाव आधी?

आपण लिहिलेल्या माहितीचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक झाली असेल तर ती इथेच लक्षात येईल. आपले वडील ५८ वर्षांचे आहेत. वर्षभर लघवीची धार बारीक होत गेली, मग एका रात्री लघवी पूर्ण तुंबली आणि नळी घालावी लागली. सोनोग्राफीत प्रोस्टेट ग्रंथी फार मोठी दिसली, एमआरआयमध्ये मूत्राशय आणि गुदाशय यांच्यामध्ये सुमारे ९ सेंटिमीटरची गाठ आढळली, रक्तातला पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्तचाचणी) मात्र १.८ आला. गुदाशयातून सुई घालून घेतलेल्या तुकड्यांच्या अहवालात ‘स्पिंडल सेल नियोप्लाझम, पुढील तपासण्या कराव्यात’ एवढेच वाक्य आहे. एका सर्जननी पुढच्या आठवड्यात प्रोस्टेट आणि मूत्राशय एकत्र काढण्याची तारीख दिली आहे, दुसऱ्यांनी दुर्बिणीतून लघवीचा मार्ग मोकळा करून घ्यावा असे सुचवले आहे, आणि या दोघांपैकी कोणाचे ऐकावे असा आपला प्रश्न आहे.

माझ्या मते या टप्प्यावर दोन्ही शस्त्रक्रिया थांबवाव्यात. दोन्ही सर्जन चुकीचे आहेत असे मी म्हणत नाही. त्यांनी सुचवलेल्या शस्त्रक्रिया वेगवेगळ्या आजारांत योग्य ठरू शकतात. अडचण अशी आहे की आपल्या वडिलांना नेमका कोणता आजार आहे हे अजून कोणालाच ठाऊक नाही. ‘स्पिंडल सेल’ हे आजाराचे नाव नव्हे, ते पेशींच्या आकाराचे वर्णन आहे: चातीसारख्या, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळत्या झालेल्या पेशी. अशा पेशींच्या किमान सहा-सात निरनिराळ्या गाठी ओटीपोटात नेमक्या याच जागी होतात. त्यांतली एखादी गोळ्यांनी आकसते, एखादी वर्षानुवर्षे शांत बसते, आणि एखादी पहिल्या शस्त्रक्रियेत पूर्ण निघाली नाही तर पुन्हा हाती लागत नाही.

हे असे का होते ते समजण्यासाठी ग्रंथीची रचना थोडी पाहावी लागेल. प्रोस्टेटमध्ये स्राव तयार करणाऱ्या बारीक नळ्या असतात आणि त्यांच्याभोवती स्नायू व तंतूंचा आधार असतो. सर्वसाधारणपणे ज्याला आपण प्रोस्टेटचा कर्करोग म्हणतो तो या नळ्यांच्या अस्तरातून होतो आणि प्रोस्टेटच्या कर्करोगांपैकी सुमारे ९५ टक्के याच जातीचे असतात. आधाराच्या ऊतीतून होणारे कर्करोग, म्हणजे सार्कोमा, शंभरात एकाहूनही कमी आढळतात. पीएसए हे प्रथिन अस्तराच्या पेशी बनवतात, आधाराच्या पेशी बनवत नाहीत. त्यामुळे १.८ हा आकडा पाहून ‘म्हणजे कर्करोग नाही’ असा जो दिलासा आपल्याला सुरुवातीला दिला गेला, त्याला या प्रकरणात आधार नाही. उलट मी तो आकडा एक खूण म्हणून वाचतो. वयाप्रमाणे साधी वाढ होऊन ग्रंथी एवढी मोठी झाली असती, तर अस्तरही वाढले असते आणि पीएसए बहुधा याहून बराच वर गेला असता. ग्रंथी अवाढव्य आणि पीएसए तरुण माणसाइतका, ही विसंगती दिसली की मी साध्या वाढीचा विचार बाजूला ठेवतो.

बोटाने केलेली तपासणी आजकाल घाईत उरकली जाते, याचे मला वाईट वाटते, कारण अशा रुग्णात ती बरेच काही सांगते. साध्या वाढीची ग्रंथी नाकाच्या शेंड्यासारखी लवचीक लागते आणि नेहमीचा कर्करोग बोटाच्या पेरासारखा टणक, खडबडीत लागतो. आधाराच्या ऊतीतून झालेली मोठी गाठ बहुतेक वेळा गुळगुळीत, ताणलेली, आतून दाबून धरल्यासारखी लागते आणि तिच्या वरच्या कडेपर्यंत बोट पोहोचतच नाही. त्या वेळी मी बोट एका जागी टेकवून हलकेच बाजूला सरकवतो. गुदाशयाचे आतले अस्तर गाठीवरून मोकळे सरकले तर गाठ पलीकडची असण्याची शक्यता वाढते. अस्तर गाठीबरोबरच हलले तर ती गुदाशयाच्या भिंतीतून निघाली असेल किंवा भिंतीत शिरली असेल, अशी शंका घ्यावी लागते. निदान यावर ठरत नाही, पण पॅथॉलॉजिस्टला, म्हणजे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या डॉक्टरांना, पाठवायच्या चिठ्ठीत ही एक ओळ असली की तपासणीची दिशा बदलू शकते.

आता त्या शक्यतांकडे वळतो. सर्वात आधी जी शक्यता तपासून बाजूला सारली पाहिजे ती म्हणजे जीआयएसटी, अर्थात पचनमार्गाच्या भिंतीतून निघणारी गाठ. ती गुदाशयाच्या पुढच्या भिंतीतून निघाली तर प्रोस्टेटला पुढे ढकलते, एमआरआयमध्ये प्रोस्टेटचीच गाठ असल्यासारखी दिसते आणि गुदाशयातून घातलेली सुई नेमकी तिच्यातच शिरते. तुकड्यावर लेबल मात्र ‘प्रोस्टेट’ असे लागते. ही गाठ ओळखण्यासाठी सीडी ११७ आणि डॉग-१ या दोन चाचण्या त्याच तुकड्यांवर करता येतात. त्या सकारात्मक आल्या तर सारे चित्रच पालटते, कारण २००२ सालापासून या आजारासाठी इमॅटिनिब नावाची गोळी मान्यताप्राप्त आहे आणि बऱ्याच रुग्णांत ती गाठ आकसवते. जनुकातला दोष नेमका कुठे आहे त्यावर गोळीचा परिणाम अवलंबून असतो, म्हणून जनुकीय तपासणीही सोबत करावी लागते.

माझ्याकडे आलेल्या एका रुग्णाची फाईल आपल्या वडिलांच्या फाईलसारखीच होती. अहवालात ‘सार्कोमा’ लिहिलेले होते आणि मूत्राशय, प्रोस्टेट व गुदाशय तिन्ही काढण्याची तयारी झाली होती, म्हणजे लघवी आणि शौच या दोन्हींसाठी पोटावर पिशव्या. एमआरआयच्या एका छेदात मला गाठ आणि प्रोस्टेट यांच्यामध्ये चरबीची अगदी बारीक पांढरी रेघ दिसली, पण गाठ आणि गुदाशय यांच्यामध्ये ती कुठेच दिसेना. मी तुकडे पुन्हा वाचायला पाठवले. डॉग-१ सकारात्मक आले. काही महिने गोळ्या दिल्यावर गाठ निम्म्याहून लहान झाली आणि शस्त्रक्रियेत मूत्राशय व प्रोस्टेट दोन्ही वाचले. त्या रेघेकडे त्या दिवशी माझे लक्ष गेले नसते तर काय झाले असते, हा विचार अजूनही मनात येतो, आणि म्हणूनच मी आपल्याला थांबा असे इतक्या आग्रहाने सांगतो आहे.

जीआयएसटी नाही असे ठरले, की मग प्रोस्टेटच्याच आधार ऊतीच्या गाठी समोर येतात. त्यांतल्या एका गटाला स्टम्प म्हणतात. पूर्ण नावाचा अर्थ ‘पुढे घातक ठरेल की नाही याची खात्री नसलेली आधार ऊतीची गाठ’ असा होतो. हे नाव १९९८ साली सुचवले गेले, आणि नावातच अनिश्चितता असल्यामुळे घरच्या माणसांची फार घालमेल होते. ती अनिश्चितता खरी आहे. काही स्टम्प वर्षानुवर्षे तशाच राहतात, काही अपुऱ्या काढल्या तर पुन्हा वाढतात, आणि काही गाठींच्या आत किंवा शेजारी खरा सार्कोमा दडलेला असतो. पेशींची दाटी, विभाजन पावणाऱ्या पेशींची संख्या आणि मृत झालेला भाग यांवरून पॅथॉलॉजिस्ट स्टम्प आणि सार्कोमा यांच्यात फरक करतो. प्रौढांमध्ये प्रोस्टेटचा सर्वात जास्त आढळणारा सार्कोमा स्नायूपेशींचा, म्हणजे लायोमायोसार्कोमा असतो. लहान मुलांमध्ये ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा अधिक दिसतो आणि त्याचा उपचार औषधांपासून सुरू होतो, पण आपल्या वडिलांच्या वयात ती शक्यता फार मागे पडते.

आणखी तीन शक्यता थोडक्यात सांगतो. सॉलिटरी फायब्रस ट्यूमर ही गाठ स्टॅट-६ या चाचणीने ओळखता येते. ती रक्तवाहिन्यांनी भरलेली असते, आणि मोठी झाली तर क्वचित रक्तातली साखर धोकादायक रीतीने उतरवते, तेव्हा वडिलांना पहाटे घाम, थरथर किंवा गोंधळल्यासारखे होत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. दुसरी शक्यता सार्कोमासारखे रूप घेतलेल्या नेहमीच्या कर्करोगाची. ज्यांनी पूर्वी प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी रेडिएशन किंवा हार्मोनचे उपचार घेतले आहेत त्यांच्यात ती विशेषतः पाहावी लागते आणि केराटिनच्या चाचणीने तिचा माग लागतो. तिसरी शक्यता निरुपद्रवी आहे: दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जखम भरताना चातीच्या आकाराच्या पेशींची गाठ तयार होते आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती सार्कोमासारखी भासते. आपल्या वडिलांची आधी अशी शस्त्रक्रिया झालेली नाही आणि गाठही ९ सेंटिमीटरची आहे, त्यामुळे ही शक्यता मी इथे धरत नाही. पण ज्यांची झालेली असेल त्यांनी पॅथॉलॉजिस्टला ते कळवलेच पाहिजे.

यासाठी आपण प्रत्यक्षात करायचे ते एवढेच, की ज्या प्रयोगशाळेत तुकडे तपासले गेले तिथून मेणाचे ठोकळे आणि काचपट्ट्या रीतसर मागून घ्याव्यात आणि मऊ ऊतींच्या गाठी नियमित पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे द्याव्यात. सोबत एमआरआयची सीडी, वय, पीएसए आणि तुकडे कोणत्या मार्गाने घेतले याची नोंद असावी. नुसता छापील अहवाल दुसऱ्या डॉक्टरांना दाखवणे म्हणजे दुसरे मत घेणे नव्हे. दुसऱ्या डोळ्यांनी पेशी पाहिल्या गेल्या पाहिजेत. या कामाला सहसा एक ते दोन आठवडे लागतात.

तुकडे अपुरे आहेत असे उत्तर येऊ शकते, आणि त्यात आश्चर्य नाही. सुईने निघणारा तुकडा जेमतेम एक मिलिमीटर जाड आणि दीड सेंटिमीटर लांब असतो. ९ सेंटिमीटरच्या गोल गाठीचे आकारमान सुमारे ३८० मिलिलिटर भरते. असे दहा तुकडे घेतले तरी गाठीचा साधारण तीन हजारावा भागच आपण पाहिलेला असतो. म्हणून पुन्हा तुकडे घ्यायचे झाले तर एमआरआयमध्ये जो भाग सर्वात दाट दिसतो तिथून घ्यावेत, पाणी किंवा मृत ऊती भरलेल्या भागातून घेऊ नयेत. गाठ प्रोस्टेटची वाटत असेल तर मी शिवणीच्या जागेतून, म्हणजे अंडकोष आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून सुई घालणे पसंत करतो, कारण त्यात जंतुसंसर्ग कमी होतो आणि गुदाशयाची भिंत अखंड राहते. आणि तुकड्यांत केवळ स्टम्प दिसला तरी ‘गाठीत अन्यत्र सार्कोमा नाही’ असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

दुर्बिणीतून मार्ग मोकळा करण्याच्या सूचनेबद्दल स्पष्ट लिहितो. त्या शस्त्रक्रियेत ऊती लहान लहान चकत्यांच्या रूपात निघते. गाठीची कड कुठे होती, ती पूर्ण निघाली का, हे नंतर कोणालाही सांगता येत नाही, आणि मागे राहिलेली गाठ काही महिन्यांत मार्ग पुन्हा बंद करते. मी तरुण सर्जन असताना एका रुग्णाच्या चकत्यांच्या अहवालात एका कोपऱ्यात स्टम्पचा उल्लेख होता. लघवी उत्तम होत होती म्हणून मी त्या ओळीला द्यावे तेवढे महत्त्व दिले नाही. ते गृहस्थ दोन वर्षांनी परत आले तेव्हा गाठ मूत्राशयाच्या तळात शिरलेली होती आणि जे काम प्रोस्टेट काढून भागले असते त्यासाठी मूत्राशयही द्यावे लागले. तेव्हापासून चकत्यांचा प्रत्येक अहवाल मी शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः वाचतो.

इथवरचे थोडक्यात: नळी चालू आहे तोवर लघवीची अडचण सुटलेली आहे, पीएसएवर विसंबता येत नाही, आणि गाठीचे नाव ठरल्याशिवाय शस्त्रक्रियेचा आवाका ठरवता येत नाही. थांबण्याला अर्थातच अपवाद आहेत. नळी असूनही मूत्रपिंडांवर सूज वाढत असेल, लघवीतून थांबत नाही असा रक्तस्राव होत असेल, किंवा गाठीच्या दाबाने शौच बंद झाले असेल, तर दोन आठवडे वाट पाहता येणार नाही. पण तेव्हाही आधी तेवढी अडचण दूर करावी, गाठीला हात लावू नये. नळी मूत्रमार्गातून नीट चालत असेल तर पोटातून मूत्राशयात नवी नळी घालणेही मी शक्यतो टाळतो, कारण गाठ घातक निघाली तर तो मार्ग उगाच उघडलेला राहतो.

नाव ठरल्यावर शस्त्रक्रिया कशी असेल, हा आपला दुसरा प्रश्न. स्टम्प असेल, गाठ लहान असेल आणि त्रास नसेल, तर नियमित एमआरआय करत लक्ष ठेवणे हाही काही जणांसाठी योग्य मार्ग असतो, विशेषतः वय जास्त आणि हृदयाचा आजार असेल तेव्हा. परंतु ५८ वर्षांच्या, एरवी धडधाकट माणसाला ९ सेंटिमीटरची, लघवी तुंबवणारी गाठ असेल, तर मी प्रोस्टेट आणि शुक्राशये पूर्ण काढण्याचाच सल्ला देईन. सार्कोमा असेल तर गाठ न फोडता, भोवती निरोगी ऊतीचे आवरण ठेवून, एकसंध काढणे हाच सर्वात भरवशाचा उपाय आहे, आणि तो पहिल्याच शस्त्रक्रियेत साधावा लागतो. मूत्राशयाचा तळ चिकटला असेल तर मूत्राशय, गुदाशय चिकटला असेल तर गुदाशय, एवढाच विस्तार करावा; सरसकट सगळे काढण्याने मी कोणाचे आयुष्य वाढलेले पाहिलेले नाही. सार्कोमा मुख्यतः रक्तावाटे फुप्फुसात पसरतो, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी छातीचा सीटी स्कॅन झालाच पाहिजे. लसिकाग्रंथी सुजलेल्या दिसत नसतील तर या प्रौढांच्या गाठींत त्या मोठ्या प्रमाणावर काढण्याचा फारसा उपयोग नसतो.

एवढी गाठ ओटीपोटाच्या अरुंद हाडी वाटीत बुचासारखी बसलेली असते, आणि शस्त्रक्रियेतली खरी कसोटी तिथेच असते. नेहमीच्या शस्त्रक्रियेत आधी दिसणारे प्रोस्टेटचे टोक इथे गाठीच्या आडोशाला गेलेले असते, आणि त्याच्या समोरच शिरांचे असे जाळे असते की ते फाटले तर काही मिनिटांत रक्ताने सगळे झाकून जाते. म्हणून मी एवढ्या गाठीसाठी पोट उघडून शस्त्रक्रिया करणे पसंत करतो. लहान, सुट्या गाठींमध्ये रोबोटच्या मदतीने उत्तम काम होते, पण तिथेही गाठ पिशवीतून अखंडच बाहेर यायला हवी. गाठीला रक्तपुरवठा फार असेल तर आदल्या दिवशी तिच्या धमन्या आतून बंद करून घेतल्याने रक्तस्राव कमी होतो. मागच्या बाजूला प्रोस्टेट आणि गुदाशय यांच्यामध्ये एक पातळ पण चिवट पडदा असतो. तो शाबूत असेल तर त्याच्यामागून बोट अलगद सरकत जाते आणि गुदाशय वाचणार हे त्याच क्षणी कळते. बोट अडले तर मी जोर लावत नाही, आतड्याच्या सर्जनना पुढे बोलावतो. ते सर्जन त्या दिवशी शेजारी उपलब्ध आहेत का, आणि पिशवी लागलीच तर तिची जागा वडिलांना बसवून व उभे करून आधीच पोटावर आखून ठेवणार का, हे दोन प्रश्न आपण जरूर विचारा. ज्या चमूकडे त्यांची तयार उत्तरे असतील तिथे शस्त्रक्रिया करून घ्या.

लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता याबद्दल आपण संकोचाने विचारले आहे. संकोचाचे कारण नाही. उभारीच्या नसा प्रोस्टेटच्या दोन्ही बाजूंना चिकटून जातात आणि त्या वाचवून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत १९८२ पासून रूढ झाली आहे. स्टम्पमध्ये, गाठीला स्वच्छ कड असेल तर, किमान एका बाजूच्या नसा वाचवण्याचा प्रयत्न करता येतो. सार्कोमात गाठीच्या बाजूच्या नसा सोडाव्या लागतात. मूत्राशय राहिले तर लघवीवरचा ताबा बहुतेकांत काही महिन्यांत बराच परततो, तरी सगळ्यांचा पूर्ण परतेल असे वचन मी कोणालाच देत नाही. हे सर्व वडिलांशी आधी बोलायला हवे. आपण त्यांना ‘साधी प्रोस्टेटची गाठ’ एवढेच सांगितले आहे असे लिहिता. माझा अनुभव असा की रुग्णाला अर्धवट कळलेले असते आणि उरलेले तो रात्री जागून मनाने भरून काढतो. संमतिपत्रावर सही त्यांची असणार आहे, तेव्हा निदान काय आहे, काय ठरायचे बाकी आहे आणि काय गमवावे लागू शकते, हे डॉक्टरांच्या समोर बसून त्यांनी स्वतः ऐकावे.

रेडिएशन आणि केमोथेरपी लागेल का, याचे उत्तर पुन्हा नावावर आणि काढलेल्या गाठीच्या कडांवर अवलंबून आहे. स्टम्प पूर्ण निघाली तर सहसा काहीच लागत नाही. अधिक आक्रमक (हाय-ग्रेड) सार्कोमा असेल, किंवा गाठ काढलेल्या भागाच्या कडेला टेकलेली असेल, तर शस्त्रक्रियेआधी किंवा नंतर रेडिएशन, आणि डॉक्सोरुबिसिन व आयफॉस्फामाइड यांसारखी औषधे, यांचा विचार सार्कोमा पाहणारे कर्करोगतज्ज्ञ, सर्जन आणि रेडिएशनतज्ज्ञ यांनी एकत्र बसून करावा लागतो. नंतरच्या तपासण्यांत एक गल्लत मी वारंवार पाहतो: दर तीन महिन्यांनी पीएसए केला जातो, तो शून्याजवळ येतो आणि घरात सगळे निश्चिंत होतात. या गाठी पीएसए बनवतच नाहीत, तेव्हा त्या आकड्यावरून त्या परत आल्या की नाही ते कळणार नाही. सार्कोमा असेल तर पहिली दोन-तीन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी ओटीपोटाचा एमआरआय आणि छातीचा सीटी करावा, पुढे पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, आणि त्यानंतर वर्षातून एकदा. स्टम्पमध्ये अंतर थोडे वाढवता येते, पण तपासण्या बंद करू नयेत.

उद्या सकाळी पहिले काम प्रयोगशाळेत अर्ज देण्याचे करा, आणि ज्या सर्जननी पुढच्या आठवड्याची तारीख दिली आहे त्यांना फोन करून सांगा की सीडी ११७, डॉग-१, स्टॅट-६, सीडी ३४, डेस्मिन आणि केराटिन या तुकड्यांवरच्या चाचण्यांचे निकाल हाती आल्यावर आम्ही पुन्हा भेटायला येतो. याला चांगले सर्जन नाही म्हणणार नाहीत.